घरी शुश्रूषा करताना पूरक पोषण देण्याच्या वेळा

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला प्रोटीन पावडर, कॅल्शियम, लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्व असे बरेच काही सुरू असते, आणि सकाळच्या औषधांबरोबर सगळे एकदम देऊन मोकळे होण्याकडे घरच्यांचा कल असतो. तसे करू नये. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी दिल्यानंतर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान ४ तासांनी द्यावी, अन्यथा थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ६०,००० युनिटच्या ‘ड’ जीवनसत्त्वाबाबत. ही मात्रा बहुधा आठवड्यातून एकदाच लिहून दिलेली असते. ती नजरचुकीने रोज दिली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा दिसू शकतो, जो ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून सहज दुर्लक्षिला जातो. पाकीट आणल्याबरोबर त्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त रविवारी’ असे लिहावे, म्हणजे रात्रपाळीला येणाऱ्या ताईंनाही विचारावे लागत नाही.

प्रोटीन पावडर मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच देऊ नये, आणि मधुमेह असल्यास डब्यावरील साखरेचे प्रमाण आधी वाचावे. रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल, तर पेय किती दाट असावे हे डॉक्टरांना विचारूनच, त्याला टेकून ताठ बसवून, चमच्याचमच्याने पाजावे.