डिशचा बॉक्स बंद पडला? फेकायच्या आधी हे बघा

आपल्या जळगाव-धुळ्याकडे लाईट जाते-येते तेव्हा झटका बसतो आणि सेटटॉप बॉक्सचा दिवाच लागत नाही, मग लोक सरळ नवीन आणतात, पण जरा थांबा. नव्वद टक्के लक्ष आधी अडॅप्टरकडे द्या. बऱ्याच बॉक्सला 12 व्होल्टचा अडॅप्टर असतो, मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघा, व्होल्टेज येतच नसेल किंवा फारच कमी येत असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावा, पिनचं प्लस-मायनस जुळतंय ना तेपण बघा, काम झालं.

पॉवर सप्लाय आतच असेल तर बरेचदा आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबीसारखा भाग) फुगलेला असतो, तो दुकानात बदलून मिळतो. स्वतः उघडू नका हो, प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो.

दिवा लागतो पण सिग्नल नाही? मग बॉक्स मेलेला नाही, छत्री हललीय का, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग), केबल बघा.

वीज पडून बोर्डच जळला असेल तर मात्र नवाच घ्या. रिपेअरचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तरी मी नवाच घेईन. फ्री डिशवाल्यांनी घेताना एमपेग-4 (चॅनल पाठवायची नवी पद्धत) चालणारा बॉक्सच घ्या, जुन्या एमपेग-2 वर सगळे चॅनल दिसत नाहीत.