एफईएस स्कॅनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

विभागात नवीन मुलं आली की आधी सायक्लोट्रॉनबद्दल, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य बनवणाऱ्या यंत्राबद्दल, विचारतात. मी त्यांना आधी गोळ्यांची नावं पाठ करायला लावते.

स्तनाच्या कर्करोगात गाठीवर इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन या हार्मोनला पकडणाऱ्या जागा) असतील तर हार्मोनविरोधी औषधं लागू पडण्याची आशा असते. रिसेप्टर बायोप्सीत कळतात, पण आजार हाडांत चार ठिकाणी पसरला असेल तर चारही ठिकाणी सुई कोण घालणार? तिथे एफईएस, म्हणजे फ्लोरोइस्ट्रॅडिऑल : इंजेक्शनने दिलं की रिसेप्टर असतील तिथे जाऊन चिकटणारं आणि पेट स्कॅनमध्ये उजळणारं किरणोत्सारी द्रव्य, म्हणजेच ट्रेसर. हे इस्ट्रॅडिऑलच (इस्ट्रोजेनचा एक प्रकार), फक्त सोळाव्या कार्बनवर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं. कॅट्झेनेलेनबोगेन आणि वेल्च यांच्या गटांनी अमेरिकेत १९८०च्या दशकात ते विकसित केलं. तिथल्या एफडीएची (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मात्र २०२० साली मिळाली.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. साठीच्या एक काकू आल्या होत्या. फॉर्मवर लिहिलेलं, 'हार्मोन उपचार : नाही'. डोस शिशाच्या डब्यात तयार. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मं होतं, त्यामुळे सगळ्यांचीच घाई. तरी मी विचारलं, "काकू, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची, आणि ही एक रोजची." त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. टॅमॉक्सिफेन!

ही हार्मोनविरोधी गोळी रिसेप्टरवर आधीच ठाण मांडून बसते. ट्रेसरला जागाच उरत नाही. रिसेप्टर असूनही स्कॅन कोरा दिसला असता, आणि त्या कोऱ्या स्कॅनवरून काकूंची औषधं बदलली गेली असती. मी डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन थांबलं. डोस वाया गेला; त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

टॅमॉक्सिफेनचा हा अडथळा ८ आठवड्यांपर्यंत राहू शकतो, रिसेप्टर अडवणाऱ्याच फुलवेस्ट्रंट या औषधाचा २८ आठवड्यांपर्यंत. लेट्रोझोल हे दुसरं हार्मोनविरोधी औषध इस्ट्रोजेन तयार होणं कमी करतं, रिसेप्टर अडवत नाही, म्हणून ते चालतं. पण "गोळी बंद करा" असं पेशंटला आपण कधीच सांगायचं नाही. उपचार पुढे ढकलायचे की नाही, हे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतात.

लिव्हरबद्दलही सावध राहा. एफईएसचा निचरा तिथूनच होतो, म्हणून लिव्हर स्कॅनमध्ये लख्ख उजळतं आणि त्यातली गाठ लपून जाते.

त्या दिवसापासून अपॉइंटमेंटच्या फोनवर आम्ही एक वाक्य वाढवलं : "येताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणा, बंद केलेल्यासुद्धा."