नेटच्या बाहीवर केळफुलाचे बुट्टे

मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत ठेवलेली बाही दुपारी बाहेर काढली, तर तिच्यावरचे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले बुट्टे पापडासारखे वाकडे झालेले. पीएलए, म्हणजे ज्या प्लास्टिकचे ते छापले होते, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि जळगावच्या उन्हात बंद डिकी किती तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून मी कपड्यासाठी फक्त टीपीयू हे लवचीक प्लास्टिक वापरते. रबरासारखं वळतं, अंगाला टोचत नाही.

अख्खा ड्रेस छापायच्या फंदात पडू नका. इस्रायली डिझायनर दानित पेलेगनं २०१५ मध्ये घरगुती प्रिंटरांवर पाच पोशाख छापले, त्याला २,००० तासांहून जास्त लागले. आपल्याला कानबाईच्या सणाआधी गिऱ्हाइकाचं ब्लाउज द्यायचंय. म्हणून नेटवर बुट्टे.

नेट आधी कापू नका. बाहीचा आकार खडूनं आखा, शिवणीपासून दोन सेंटीमीटर जागा कोरी ठेवा, नाहीतर मशीनची सुई बुट्ट्यावर आपटून तुटते. बुट्टे लहान आणि सुटे ठेवा, मध्ये तीन-चार मिलिमीटर अंतर, म्हणजे कापड वळतं. मी केळफुलाची पाकळी काढते. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "हाई काय शे?" आता तीच रंग निवडते.

खरी गोम पुढे आहे. क्युरामध्ये, म्हणजे प्रिंटरला थर आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ०.२ मिलिमीटरचा थर ठेवा आणि तीन थरांनंतर थांबायची सूचना टाका. नोझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड) बाजूला गेलं की बेडवर, म्हणजे छपाईच्या पाटावर, नेट पसरा, पापुद्र्यासारखं ताणा आणि कडेला कागदाच्या काळ्या क्लिपा लावा. क्लिप नोझलच्या वाटेत येत नाही ना, हे हातानं फिरवून बघा. जरा ढिलं राहिलं की नोझल जाळी ओढून नेतं. मग पुढचे तीन थर. वरचं टीपीयू जाळीच्या भोकांतून खालच्याला चिकटतं, नेट मध्ये अडकून बसतं. गोंद नको, सुई नको. भोकं फार बारीक असलेलं किंवा जाड कापड घेतलं तर ही पकड बसत नाही, बुट्टा नखानं निघतो.

नोझल २२५ अंश आणि वेग कमी, सेकंदाला २० ते २५ मिलिमीटर. लाइट गेली तर गरम नोझल जाळीवर बसून भोक पाडतं. माझी एक बाही अशी गेली. आता प्रिंटर इन्व्हर्टरवर आहे.

श्रावणात टीपीयू ओल धरतं. छापताना चरचर आवाज आला, तोंडाला धागे लोंबू लागले की समजा. रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका पुड्यांसकट ठेवा.

गिऱ्हाइकाला मात्र पिशवीवर लिहून द्या: गार पाण्यात हातानं धुवा, बाहीला इस्त्री लावू नका. तोंडी सांगितलेलं लग्नाच्या घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही.