किराण्याची यादी उलटी करून बघा, बिल कमी होतंय

आमच्या घरात चार माणसं. मी, हे, सासूबाई आणि नववीतला पोरगा. दर एक तारखेला तीच यादी दुकानात जायची, तेल पाच लिटर, साखर पाच किलो, तूरडाळ दोन किलो, मटकी अर्धा, आणि मग बिस्किटं, नूडल्स, सॉस, पोराच्या दुधात टाकायच्या पावडरचा डबा वगैरे वगैरे. बिल वाढलं की आम्ही काय करायचो, तर डाळ दोनाची दीड करायचो. तेलाला हात नाही, बिस्किटांना नाही, कपात कुठं तर डाळीत!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या सूचना नव्यानं काढल्यात, त्यात एका माणसाच्या दिवसभराच्या ताटाचं माप दिलंय, 2000 कॅलरीच्या हिशोबानं. धान्य 250 ग्रॅम, डाळ-कडधान्य 85, भाजी 400, फळं 100, दाणे-तीळ-सुकामेवा 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिली. मी एका रविवारी कॅलक्युलेटर घेऊन बसले आणि चारानं गुणलं, मग तिसानं. महिन्याचं धान्य 30 किलो, डाळी-कडधान्य 10 किलो (अंडी-मटण खात असाल तर त्यातून वजा करा), दाणे चार किलो, तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, भाजी 48 किलो, फळं 12 किलो, दूध 36 लिटर. म्हणजे आमची यादी बरोबर उलटी होती, जे भरपूर पाहिजे ते चिमूटभर आणि जे बेतानं पाहिजे ते पिंपानं. तुमच्या घरात माणसं किती तो गुणाकार आधी करा, कष्टाचं काम करणारं कुणी असेल तर त्याची भाकरी वाढवा, बाकीचं सगळं नंतर.

सुरुवात तेलापासून करा कारण तिथं लगेच फरक दिसतोय. एक लिटर तेलाचं वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरतं, चार माणसांना दिवसाला 108 ग्रॅम, म्हणजे एक पुडा आठ दिवस गेला पाहिजे. आमचा सहा दिवसांत संपायचा! मी काय केलं, सॉसची रिकामी काचेची बाटली धुऊन घेतली, मापानं 120 मिली पाणी ओतून जिथं पातळी आली तिथं चिकटपट्टी लावली, मग बाटली उन्हात वाळवली. आता रोज सकाळी पट्टीपर्यंत तेल भरायचं आणि दिवसभर त्यातनंच वापरायचं, मोठा डबा वरच्या फळीवर. पहिल्या दिवशी सकाळच्या भाजीतच पाऊण बाटली गेली आणि संध्याकाळी सासूबाईंनी चिकटपट्टी दाखवून विचारलं, आता फोडणी कशानं द्यायची? त्या रात्री दही, खर्डा आणि भाकरी. पण आठवड्यात हाताला सवय लागली. भजी करायची असली की आदल्या दिवशी तेल राखून ठेवायचं, एवढंच. तेलाचा पुडा घेताना वजन पण वाचत जा, सारख्याच दिसणाऱ्या पुड्यात कधी कधी माल कमी असतोय, भाव किलोवर काढून बघायचा.

साखरेला त्या ताटात जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, आणि दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की 30 ग्रॅम होतात, हिशोब तुम्हीच करा. मीठ माणशी 5 ग्रॅम, म्हणजे चौघांना किलोचा पुडा दीड महिना पुरला पाहिजे.

आता डाळी. 10 किलो डाळ म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पडला होता, पण सगळी तूर कशाला पाहिजे? आमच्या सांगलीकडं इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) रस्त्यावर ढाब्यावर बसून आपण अख्खा मसूर पैसे देऊन खातोय आणि घरात मात्र रोज तुरीचं वरण. मसूर, हरभरा डाळ, हुलगे (कुळीथ) हे बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त पडतात आणि प्रथिनं जवळपास तेवढीच, 100 ग्रॅमला 20 ते 25 ग्रॅम. आमच्याकडं आता आठवड्यातून दोनदाच तूर, बाकी मसूर, मटकीची उसळ, पिठलं आणि थंडीत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. भाकरीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतोय तो डाळीत भरपूर, त्यामुळं आमटी-भाकरी ही जोडी चांगलीच आहे. पोराच्या पावडरचा डबा बंद करून फुटाणे आणि शेंगदाणे सुरू केले, आठ दिवस तोंड फुगवून होता. विश्वास बसत नसेल तर अशा डब्याच्या मागं साखर किती लिहिलीय ते एकदा वाचा.

शाळू (रब्बीची ज्वारी) वर्षाचा एकदम भरायचा. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडचा नवा शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडनं पोतं घ्या. पण इथं मी मार खाल्लाय. दोन वर्षांमागं पोतं आणलं आणि घाईघाईत तसंच पिंपात ओतलं, श्रावणात झाकण काढलं तर वर टोकेच टोके (धान्यातले किडे), निम्मा शाळू शेजारच्यांच्या कोंबड्यांना गेला. तेव्हा नीट करा, ताडपत्रीवर दोन-तीन कडक उन्हं द्यायची, दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे, मग रात्रभर गार होऊ द्यायचा (गरम भरला की आत घाम धरतो), पिंप कोरडं ठणठणीत, मध्ये मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि झाकण घट्ट. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणूच नका, त्यातल्या काहींमधनं फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, त्यानं माणसं दगावतात.

हळदीचं पण तसंच. सांगलीच्या हळदीला 2018 ला भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डात सौदे चालतात, आणि आपण मात्र 100 ग्रॅमची रंगीत पुडी घेतोय. हळकुंडं दोन किलो घेऊन वर्षाच्या चटणीच्या वेळी डंकावर (कांडप गिरणीत) कुटून आणा, वर्ष निघतंय. बेदाण्याचा भाव रंगावर आणि आकारावर ठरतो, घरात खायला बारका, डागाळलेला चालतोय की, फक्त धुऊन घ्या.

रेशनचा तांदूळ मिळत असेल तर तो टाकू नका. त्यात मध्ये मध्ये वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिकचे नाहीत, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घातलेले दाणे आहेत, शंभराला एक अशा प्रमाणात मिसळलेले. आमच्या गल्लीत दोघींनी ते निवडून फेकले, म्हटलं अहो काय करताय!

राहिलं माळवं, म्हणजे भाजीपाला. दिवसाला एक किलो 600 ग्रॅम म्हणजे लई वाटतं, पण मॉलमधल्या थर्माकोलच्या ताटलीतनं आणली तरच ते परवडत नाही. शनिवारच्या बाजाराला अंधार पडायच्या सुमाराला जा, गावाकडनं आलेल्या बायकांना शेवटची गाडी गाठायची असते, त्या मेथी-पोकळ्याच्या पेंड्या परत न्यायला तयार नसतात. मात्र त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, त्या भाव स्वतःच पाडतात. पालेभाजी त्याच रात्री निवडून, न धुता, कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि सोमवारपर्यंत संपवा, मंगळवार-बुधवारी वांगी-गवार, नंतर कोबी, भोपळा, गाजर. नासकं आधी, टिकाऊ मागनं. आमची भाजी आधी किती सडायची ते मी एक महिना कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, कोथिंबीर सात वेळा, मेथी तीन, आणि फ्रिजच्या तळाला विसरलेली काकडी जवळजवळ दर आठवड्याला. आता काकडी आणायची ती मी स्वतः, आणि फक्त दोन.