बुलेटचे पॉइंट काढण्यापूर्वी टायमिंग पकडून ठेवा

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारी संपर्काची जोडी) आधीच खोलले, तर ठिणगीची नेमकी जागा हरवते आणि नंतर किक मारून मारून पाय भरून येतात.

१. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे, हे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावे.

२. प्लग काढून गाडी मेन स्टँडवर घ्यावी, टॉप गिअर टाकावा आणि पॉइंटच्या फटीत बसच्या तिकिटाएवढ्या पातळ कागदाची पट्टी धरून मागचे चाक पुढच्या दिशेने अगदी सावकाश फिरवावे. घट्ट धरलेली पट्टी ज्या क्षणी अलगद सुटते, तीच ठिणगीची जागा. चाक पुढे गेले, तर बरेच मागे घेऊन पुन्हा पुढे आणावे, म्हणजे चेनची ढिलाई मोजमापात येत नाही.

३. बेसप्लेट (पॉइंट बसवलेली तबकडी) आणि बॉडी यांवर सुईने एकच रेघ ओढावी, इंजिन न हलवता नवा पिकअप (पॉइंटच्या जागी ठिणगीचा इशारा देणारा सेन्सर) बसवावा. जुनी प्लेट कंडेन्सरसह टूलबॉक्समध्ये जपावी. नवे किट घाटात बंद पडले, की तिचेच मोल कळते.

किटला स्वतःचा इलेक्ट्रॉनिक ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडण्याची सोय) असल्यास मात्र त्याच्या पत्रकातील खूणच प्रमाण मानावी, आणि सहा व्होल्टच्या गाडीवर बारा व्होल्टचे किट कधीही जोडू नये.