लेझर प्रिंटरचे शब्द: पाठ करू नका, पानाच्या मागे मागे जा

लेझर प्रिंटरचं मॅन्युअल उघडलं की स्पूल, रास्टर, हाफटोन, फ्यूझर असे शब्द एकदम अंगावर येतात आणि आपण ते बंद करून ठेवतो. पाठ केलेत तर दोन दिवसांत विसराल. त्यापेक्षा प्रिंटवर क्लिक केल्यापासून कागद बाहेर पडेपर्यंत काय काय होतं ते क्रमाने बघा, शब्द आपोआप डोक्यात बसतात.

आधी ड्रायव्हर. हा दुभाषा, तुमची फाइल प्रिंटरला कळेल अशा भाषेत करून देतो, जसं की पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल. चुकीचा ड्रायव्हर टाकला की पानंच्या पानं अगम्य चिन्हांनी भरून येतात, तेव्हा प्रिंटर बिघडलेला नसतो हे लक्षात ठेवा. स्पूल म्हणजे कामांची रांग, बस.

पुढचा शब्द रास्टर, आणि हा नीट समजून घ्याच. प्रिंटरला अक्षर कळत नाही, ठिपका कळतो, म्हणून अख्ख्या पानाचे ठिपके करावे लागतात आणि ते काम रिप करतं, म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ६०० डीपीआयला एका चौरस इंचात ३,६०,००० ठिपके बसतात आणि ए४ पानावर जवळपास साडेतीन कोटी. ड्रम, म्हणजे ज्या गोल नळकांड्यावर पानाची प्रतिमा उमटते ते, एकदा फिरायला लागला की मध्येच थांबू शकत नाही, त्यामुळे हे सगळं वेळेत मेमरीत तयार लागतं आणि म्हणूनच चित्रांनी भरलेल्या पानाला मेमरीचा एरर येतो.

हाफटोन इथेच समजतं. काळ्या टोनरने, म्हणजे शाईच्या जागी असलेल्या पावडरने, राखाडी छापता येत नाही, मग ठिपक्यांचे गट करून प्रत्येक गटात कमी-जास्त ठिपके काळे करायचे आणि डोळ्याला फसवायचं. एलपीआय म्हणजे एका इंचात अशा गटांच्या किती ओळी. ६०० डीपीआय आणि ६० एलपीआय असेल तर एक गट १० बाय १० चा, म्हणजे पांढरा धरून १०१ छटा. एलपीआय १०० केला तर गट ६ बाय ६ चा आणि छटा फक्त ३७! फोटो गुळगुळीत यावा म्हणून एलपीआय वाढवत सुटणारे इथेच फसतात.

आता यंत्राचा भाग. ड्रमवर आधी सगळीकडे सारखा चार्ज दिला जातो, लेझर फिरत्या आरशावरून येऊन जिथे पडतो तिथला चार्ज उतरतो, तिथेच टोनर चिकटतो, ट्रान्सफर रोलर तो कागदावर ओढून घेतो आणि शेवटी फ्यूझर उष्णतेने वितळवून दाबून बसवतो.

बोट फिरवल्यावर अक्षर पुसलं जातंय? मग फ्यूझरकडे बघा, किंवा जाड कागदासाठी सेटिंग बदललेलं नसेल. आणि एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय तर सरळ पट्टी घेऊन ते अंतर मोजा, कारण तो डाग बहुतेक वेळा कुठल्यातरी गोल फिरणाऱ्या भागाचा असतो आणि ते अंतर म्हणजे त्याचा परीघ. २४ मिमी व्यासाचा ड्रम असेल तर अंदाजे ७५ मिमी, ३० मिमीचा असेल तर ९४ मिमी. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ता बऱ्याचदा असतो, तो जुळवून बघा आणि मगच पार्ट मागवा. ड्रम बाहेर काढलात तर लगेच काळ्या कागदात गुंडाळा, उजेडाने तो खराब होतो.