गोव्यातील रोमी नावे देवनागरीत कशी लिहावीत

उमेदवारीच्या काळात एका दैनिकात मी इंग्रजी पत्रके मराठीत उतरवण्याचे काम करत होते. केपे तालुक्यातील एका गावाच्या बातमीत मी गावाचे नाव 'झेल्डेम' असे लिहिले आणि ते तसेच छापले गेले. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ अंक घेऊन कचेरीत आले, त्या शब्दावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "बाय, हो आमचो गांव न्हय." गावाचे नाव शेल्डे. रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, ते एक्स या अक्षराने सुरू होते आणि एम या अक्षराने संपते. मी पहिले अक्षर इंग्रजी पद्धतीने वाचले होते आणि शेवटचेही. त्या दिवसापासून ही नावे नीट वाचण्याची जी रीत मी हळूहळू बसवली, ती अनुवादक, बातमीदार, शिक्षक आणि घरातले जुने कागद चाळणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गोव्यातील नावांची रोमी घडण इंग्रजी नाही, पोर्तुगीज आहे. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपली आणि कारभारात इंग्रजी आली, तेव्हा गावांची स्पेलिंगे बहुतांशी आहेत तशीच राहिली. बदलला तो ती वाचणारा डोळा. अक्षरे तीच असली तरी प्रत्येक भाषेने त्यांना आपापले उच्चार दिलेले आहेत. म्हणून नाव समोर आले की ते आधी पोर्तुगीज कानाने वाचावे, मग कोंकणी-मराठी तोंडाने म्हणून पाहावे, आणि त्यानंतरच लिहावे.

एक्स हे अक्षर सर्वांत जास्त फसवते. ग्रीकांच्या पूर्वेकडील लिप्यांत या चिन्हाचा उच्चार 'ख'च्या जवळचा होता, तर पश्चिमेकडील लिप्यांत 'क्स' असा होता. इटलीत वसाहती करणाऱ्या ग्रीकांनी पश्चिमेकडील वळण नेले, ते एत्रुस्कन लोकांमार्फत रोमनांकडे आले, आणि लॅटिनमध्ये एक्सचा उच्चार 'क्स' असा ठरला. पुढे पोर्तुगीज भाषा घडताना हा 'क्स' अनेक शब्दांत मऊ होत 'श' झाला. लॅटिनमधला 'कोक्सा' हा शब्द पोर्तुगीजमध्ये त्याच स्पेलिंगने 'कोशा' असा म्हटला जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लेखनिकांनी आपल्या गावांचे 'श' ऐकले, तेव्हा त्यांच्या हाताशी त्यासाठी एक्स तयार होता. सी-एच ही जोडी त्यांनी 'श'साठी वापरली नाही, कारण त्या काळी तिचा उच्चार 'च' होता. आजच्या प्रमाण पोर्तुगीजमध्ये दोन्हींचा उच्चार 'श' होतो, पण गोव्याच्या नावांत तो जुना भेद बहुतेक ठिकाणी टिकून आहे. म्हणून एक्स दिसला की 'श' लिहावा: शेल्डे, ओशेल, शांताराम, शेट. सी-एच दिसले की आधी 'च' धरून पाहावा: कुडचडे, चोडण. वावराड्यांचो इश्ट हे १९३३ साली सुरू झालेले रोमी कोंकणी साप्ताहिक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना 'इश्ट'मधला एक्स ओळखीचा असेल. त्याच नावात आणखी एक धडा आहे. 'ड' आणि 'ट' दाखवण्यासाठी तेथे डी आणि टी ही अक्षरे दोनदा लिहिलेली आहेत. रोमी कोंकणीत मूर्धन्य वर्ण असेच दाखवतात. सरकारी स्पेलिंगांत मात्र ही सोय मिळत नाही.

दुसरा फसवा धागा म्हणजे नावाच्या शेवटी येणारा एम. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा एम ओठ मिटून म्हणत नाहीत. तो फक्त आधीचा स्वर नाकातून म्हणायला सांगतो. त्या भाषेत 'होय' या अर्थाचा शब्द एस, आय, एम असा लिहितात आणि 'सीं' असा म्हणतात. ही खूण लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे होते. पेडणे, केपे, सांगे, कुडचडे, शेल्डे ही नावे कोंकणीत 'एं'कारान्त आहेत, म्हणून रोमीत त्यांच्या शेवटी ई-एम आला. कुडतरी, नावेली, साखळी, बाणावली, कुठ्ठाळी यांच्या शेवटी आय-एम आहे आणि आपण तेथे नुसती 'ई' लिहितो. गावाच्या नावाच्या शेवटी असा एम दिसला तर 'म' लिहू नये. 'बेटलबाटिम' असे लिहिणाऱ्याला बेताळभाटी या गावाच्या नावातला वेताळ कधीच दिसणार नाही, आणि माझ्या मते ही केवळ शुद्धलेखनाची चूक नाही, कारण तिच्यामुळे गावाच्या दैवताचे नावच पुसले जाते.

याच्याच शेजारी ए-ओ ही जोडी येते, जिच्यातल्या ए वर मुळात नागमोडी रेघ असते. जुने लेखनिक जागा वाचवण्यासाठी एन हे अक्षर लहान करून आधीच्या अक्षरावर चढवत, आणि त्या चढवलेल्या एनची पुढे ही रेघ झाली. लॅटिनमधल्या 'पानेम' या शब्दातला 'न' पोर्तुगीजमध्ये गळाला, त्याचा नाकातला सूर तेवढा उरला, आणि त्यातून जो शब्द तयार झाला तोच आपण रोज सकाळी पोदेराकडून विकत घेतो: पाव. मडगाव, मुरगाव, आसगाव यांच्या शेवटी नेमकी तीच अक्षरे आहेत. म्हणून 'मार्गाओ' लिहायचा मोह झाला की पावाचे स्पेलिंग आठवावे. चोडणच्या शेवटीही हीच जोडी आहे आणि तेथे 'गाव' नाही. तेव्हा नियम लावूनही नाव विचारून घ्यावे लागते, त्याबद्दल पुढे सांगते.

क्यू-यू या जोडीनंतर ई किंवा आय आला तर 'क' लिहावा, 'क्व' नाही: केपे, केरी, नाईक. सी हे अक्षर ई आणि आय यांच्या आधी 'स' असते आणि इतरत्र 'क'. जेथे ए, ओ, यू यांच्या आधी 'स' हवा असतो, तेथे पोर्तुगीज लोक सीच्या पोटाखाली एक लहानशी शेपटी काढतात. टंकयंत्रांनी आणि पुढे संगणकांनी ती शेपटी खाल्ली, म्हणून म्हापशाचे नाव कोठे कोठे 'मापुका' वाटावे असे उमटते आणि गोन्साल्विस हे आडनाव 'गोंकाल्विस' असे छापले जाते. मूळ कागद हाती असेल तर शेपटी आहे की नाही ते भिंगाखाली पाहावे. दोन स्वरांमधला एकटा एस पोर्तुगीजमध्ये 'झ'सारखा म्हणतात, म्हणून 'स' हवा असेल तेथे एस दोनदा लिहिलेला दिसतो. देसाई, असोळणा, वासुदेव या नावांतला जोड एस मराठीत एकच 'स' म्हणून लिहावा, 'स्स' नाही.

आता जे वर्ण रोमीत आलेच नाहीत, त्यांच्याकडे वळू. पोर्तुगीज भाषेत शब्दारंभीचा एच मुका असतो, त्यामुळे आपला 'ह' बहुधा लिहिलाच गेला नाही: हळदोणा, हणजूण आणि हरमल ही तिन्ही नावे रोमीत ए ने सुरू होतात. महाप्राण वर्णांचेही तसेच झाले; फोंड्याचा 'फ' पी झाला, खांडोळ्याचा 'ख' सी झाला आणि भिकूचा 'भ' बी झाला. 'ळ' साठी एल आला. 'ड'ची गोष्ट मात्र रोचक आहे. दोन स्वरांमधला आपला 'ड' जिभेचा झटका देऊन येतो आणि पोर्तुगीज कानाला तो त्यांच्या आरच्या जवळचा वाटला, म्हणून मडगाव, पेडणे, कुडचडे, कुडतरी आणि चोडण या सर्वांत 'ड'च्या जागी आर आहे. फोंड्यात अनुनासिकानंतरचा 'ड' स्पष्ट उमटतो, म्हणून तेथे डी राहिला. परंतु प्रत्येक आरचा 'ड' करायचा नाही, कारण मोरजी आणि हरमल यांतला 'र' अस्सल 'र' आहे. आणि डिचोलीसारखे नाव, ज्याच्या रोमी रूपाच्या आरंभी बी आहे, कोणत्याच नियमात बसत नाही. ते पाठच करावे.

माणसांच्या नावांत अधिक सावधगिरी हवी. जुन्या दस्तांत केशव 'केशोवा' असा, गणेश 'गोनेशा' असा आणि पुरुषोत्तम 'पुर्शोतोमा' असा वाचता येईल अशा स्पेलिंगांनी येतो. कोंकणीतला 'अ' ओठ गोल करून म्हणतात, म्हणून त्याच्या जागी ओ लिहिला गेला. 'कामोतीं' म्हणजे कामत, 'पोरोबो' म्हणजे प्रभू, 'सिनाय' म्हणजे शेणय. मराठी मजकुरात माणसाचे खरे नाव लिहावे. परंतु विक्रीखत, जन्मदाखला किंवा वारसापत्र यांचा अनुवाद करत असाल तर रोमी स्पेलिंग अक्षर न अक्षर जसेच्या तसे जपावे आणि देवनागरी रूप त्याच्या आधी द्यावे, कारण एकाच व्यक्तीचे नाव तीन कागदांत तीन प्रकारे असते आणि आपण ते सुधारले तर वारसांना पुढे कचेऱ्यांचे हेलपाटे पडतात. ख्रिस्ती आडनावांत रूढ मराठी रूप वापरावे: कार्व्हालो, नोरोन्हा, कुतिन्हो, फर्नांडिस. लिस्बनचा उच्चार येथे आणू नये. हयात व्यक्ती आपले नाव जसे लिहिते तेच अखेरचे.

अनुस्वाराचा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोंकणीत पेडणें, केपें, गांव असे लिहितात. मराठीत १९६२ च्या लेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, म्हणून मराठी मजकुरात पेडणे, केपे, गाव असेच लिहावे, आणि कोंकणी उद्धृत करताना अनुस्वार आवर्जून ठेवावा. एकाच परिच्छेदात दोन्ही पद्धती मिसळल्या की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

रोमी अक्षरांत मराठी लिहिणे ही गोव्याला नवी गोष्ट नाही. १५७९ साली येथे आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमी अक्षरांतच छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. त्यातल्या ओव्या मोठ्याने म्हटल्या की त्या स्पेलिंगांमागून मराठी स्वच्छ ऐकू येते, आणि सरावासाठी मी प्रत्येक नवशिक्याला हेच सुचवते: दहा ओव्या रोमीतून वाचाव्यात आणि देवनागरीत उतरवाव्यात.

शेवटची पायरी चौकशीची आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर किंवा रस्त्याच्या पाटीवर नाव रोमीत असेल, पण त्याच गावच्या जत्रेची निमंत्रण पत्रिका आणि जत्रेतल्या नाटकाची जाहिरात बहुधा मराठीत असते, आणि ती गावातल्या माणसांनीच लिहिलेली असते. ती मिळवावी. न मिळाल्यास गावात फोन करावा आणि स्पेलिंग वाचून न दाखवता, "तुमच्या गांवाक किदें म्हण्टात?" एवढेच विचारावे, कारण स्पेलिंग आधी वाचून दाखवले तर समोरचा माणूस भिडेपोटी आपलाच उच्चार परत म्हणतो. उत्तर वहीत लिहून ठेवावे: एका रकान्यात रोमी, दुसऱ्यात देवनागरी, तिसऱ्यात सांगणाऱ्याचा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, आणि तारीख. वाड्याची नोंद टाळू नये, कारण नदीच्या अलीकडच्या वाड्यावर 'ळ' ऐकू येतो आणि पलीकडे 'ल', असे माझ्या वहीत एकाहून अधिक ठिकाणी झाले आहे. अशा वेळी दोन्ही रूपे लिहून ठेवते आणि गावच्या पत्रिकेत जे असेल ते छापायला देते.